मानेत मज्जारज्जू दबलाय पण त्रास कमी आहे, अशा वेळी ऑपरेशन करावं की थांबावं?

शमिका: माझं मत स्पष्ट आहे, थांबू नये. बाबांची मान कधी दुखलीच नाही हो, आधी शर्टाचं वरचं बटण लागेना, मग सही बदलली, मग रात्री अंधारात भिंत धरून चालायला लागले आणि आम्ही आपलं वय झालं म्हणत बसलो. एका डॉक्टरांनी मनगटात नस दबलीय सांगून पट्टा दिला, त्यात वर्ष गेलं. शेवटी न्यूरॉलॉजिस्टने त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला, त्यावरून मानेचा एमआरआय. मणक्यांमधली गादी झिजून मागे आलेली, हाड वाढलेलं, मधे मज्जारज्जू चेपलेला. ऑपरेशननंतर चालणं सुधारलं पण बटणं आजही आईच लावते. एकदा मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग वाट कशाची बघायची?

अनिकेत: ताई, बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण ते थांबले म्हणून नाही, आजार ओळखायला उशीर झाला म्हणून असं झालं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आजार किती वाढलाय हे ठरवायला १८ पैकी गुण देतात, हात, पाय, संवेदना आणि लघवीवरचा ताबा बघून, १८ म्हणजे सगळं ठीक. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये १४ किंवा कमी असेल तर ऑपरेशनच सांगितलंय, पण १५ ते १७ ला ऑपरेशन किंवा देखरेखीखाली फिजिओ, दोन्ही चालतं. आणि नुसता एमआरआयमध्ये दाब दिसतोय, लक्षण एकही नाही, अशांचं तर ऑपरेशन करूच नका म्हणतात. मी स्वतः ३ वर्षं १७ वर आहे. ऑपरेशननंतर काहींचा हात खांद्यातून उचलला जात नाही, पुढून केलं तर गिळायला त्रास होतो, हे कोणी बोलतच नाही.

रेवती_फिजिओ: अनिकेत, गाइडलाइन बरोबर सांगितलीत पण त्यातला "देखरेखीखाली" हा शब्द लोक सोडून देतात. माझ्याकडे येणारे बरेच जण "डॉक्टर थांबा म्हणाले" एवढंच धरून वर्षभर कुणाला दाखवत नाहीत. आणि कृपा करून मान कडकडा मोडून घेऊ नका, दबलेल्या मज्जारज्जूवर तो झटका फार महागात पडतो. घरी करण्यासारखं एक सांगते, १० सेकंदात मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची आणि मोजायचं. साधारण २० वेळा व्हायला हवं.

माधव: मी शमिकाच्या बाजूने. हा आजार दरवेळी हळूहळू उतरत नाही, बरेच महिने सगळं जैसे थे आणि मग एकदम एक पायरी खाली. शिवाय जागा आधीच अरुंद असलेला माणूस नुसता तोंडावर पडला, मान मागे झटकली गेली तरी दोन्ही हातांतली ताकद जाऊ शकते, फ्रॅक्चर नसतानासुद्धा. आणि या आजारात तोल जातोच, म्हणजे पडायची शक्यता जास्त. हे माझ्या मेहुण्याच्या बाबतीत झालंय म्हणून कळकळीने लिहितोय.

अनिकेत: माधवदादा, भीती कळते मला. पण पडण्याच्या भीतीपोटी सरसकट सगळ्यांच्या मानेत प्लेट आणि स्क्रू बसवायचे का? त्यातल्या कितीतरी जणांचं पुढे काहीच बिघडणार नसतं.

शमिका: सरसकट कोण म्हणतंय, लक्षण सुरू झालेल्यांबद्दलच बोलतेय मी. रेवतीताई, तुम्ही सांगितलेलं कालच बाबांकडून करून घेतलं, उजवा १३ आणि डावा ९. अनिकेत, तू कधी मोजलंस का?

अनिकेत: नव्हतं मोजलं. आत्ता मोजलं, उजवा २१ आणि डावा १६, तीनदा करून बघितलं. माझं मत तेच आहे, पण तपासणी ४ महिन्यांनी होती ती याच आठवड्यात मागून घेतो.

रेवती_फिजिओ: घ्याच. आणि जाताना जुन्या सहीचा एखादा कागद बरोबर न्या.