मदत हवी आहे: काणकोणात कर्करुग्णांसाठी गोल्फ स्पर्धा

मंडळी, परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांना जाणाऱ्या गोव्यातल्या रुग्णांसाठी आम्ही निधी जमवतोय. रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते हो, पण सोबतच्या माणसाने मुंबईत राहायचं-जेवायचं कशावर? म्हणून पाऊस सरला की राजबागला गोल्फ स्पर्धा घ्यायचा विचार आहे. गोल्फ कळणारा मात्र आमच्यात एकही नाही, सगळे भजनी मंडळातले!

मैदान 9 होलचं, म्हणजे चेंडू खड्ड्यात घालायचे 9 टप्पे. प्रत्येक होलवर चौघांचा एक संघ ठेवून सगळ्यांनी एकदम सुरुवात केली तर 36 खेळाडू, दोन-दोन संघ ठेवले तर 72. मग खेळ फार रखडतो का?

दुसरं, प्रवेश फीवर 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती देता येते का? फीच्या बदल्यात खेळ आणि जेवण मिळतं, म्हणून आमचे सीए देणगी वेगळीच घ्या म्हणतात, तीही 2,000 रुपयांवर रोख नको. कोणी अशी स्पर्धा घेतली असेल तर कृपया सांगा.