‘लोगोपोलिस’: टॉम बेकरला शोभेसा निरोप की नुसतंच सुतक?

निळीपेटी
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेत टॉम बेकर १९७४ पासून सात वर्षं डॉक्टर होता. इतकी वर्षं सलग ही भूमिका पडद्यावर दुसऱ्या कुणीही केलेली नाही. तो जाणार हे प्रेक्षकांना काही महिने आधीच ठाऊक होतं. मग १९८१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे शेवटचे चार भाग लागले, ‘लोगोपोलिस’. (ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: डॉक्टर मरायला टेकला की त्याला नवं शरीर मिळतं, म्हणजे मालिकेला नवा नट मिळतो.)

माझं म्हणणं असं की याहून चांगला निरोप या मालिकेत कुणाला मिळालेला नाही. कारण मरण इथे शेवटच्या पाच मिनिटांत येऊन टपकत नाही, पहिल्या भागापासून दारात उभं असतं. रस्त्यापलीकडे एक पांढरी, धूसर आकृती दिसते. डॉक्टर तिला बघतो आणि त्याचा चेहराच उतरतो. पुढे थेम्सच्या काठी तो तिच्याशी बोलायला जातो. आपण लांबून बघतो, शब्द एकही ऐकू येत नाही. परत येतो तो वेगळाच माणूस. सात वर्षं दात दाखवत, लोकांना जेली बेबीच्या गोळ्या वाटत हिंडलेला हा माणूस इथे जेमतेम हसतो.

पारावरचा
तेच तर दुखणं आहे! ज्याने सात वर्षं हसवलं त्याला जाताना हसू द्यायला काय हरकत होती? चार भाग नुसतं सुतक पाळायचं?

आणि थेम्सचं नाव काढलंच आहे तर तो तिथे का गेला होता तेही सांगा की. डॉक्टरचा जुना वैरी मास्टर आपल्या यानात लपलाय असा संशय येतो, म्हणून हे महाशय ठरवतात की यान नदीच्या तळाशी उतरवायचं आणि दार उघडून पाण्याने त्याला बाहेर काढायचं. घुशीच्या बिळात बादली ओततात तसं. वर नेमही चुकतो आणि यान उतरतं तरंगत्या धक्क्यावर. हे लिहिणारा क्रिस्टोफर बिडमीड त्या वर्षी मालिकेचा पटकथा-संपादक होता, विज्ञान आणा म्हणून आग्रह धरणारा. हे विज्ञान?

अर्धवट_गणिती
पारावरचे, बादलीला पूर्ण मार्क. पण त्याच बिडमीडने लोगोपोलिस हा ग्रह दिलाय, त्याचं काय? तिथले लोक यंत्र न वापरता तोंडाने आकडे पुटपुटतात आणि त्या गणितातून वस्तू घडतात. यंत्र का नाही, तर हे गणित करताना यंत्रच बदलून जाईल. ओळीने बसलेले म्हातारे, अखंड पुटपुट. मला तर आजोळची संध्याकाळ आठवली, अख्खं गाव परवचा म्हणतंय. मास्टर तो आवाज बंद पाडतो आणि ग्रहाचा भुगा व्हायला लागतो. पुढे कळतं की विश्व आपल्या आयुष्यमर्यादेपलीकडे गेलंय आणि या पुटपुटीमुळेच तगून आहे. एका नटाच्या शेवटाला याहून मोठी कल्पना कुठे मिळणार होती?

मुक्ता
कल्पना मोठी आहे, माणसं फार छोटी राहिली. डॉक्टरची सोबतीण नीसा, तिचं बघा. बापाचं शरीर आधीच्याच कथेत मास्टरने बळकावलंय. इथे तिचा ट्रॅकेन ग्रह तिच्या डोळ्यांदेखत पुसला जातो. पोरीच्या वाट्याला किती बोलणं? दोन-चार वाक्यं. टेगन या दुसऱ्या सोबतिणीच्या मावशीला मास्टर बाहुलीएवढी करून मारतो, तिचंही तेच. विश्वाचा तुकडाच्या तुकडा गेला आणि रडायला कुणाला सवड नाही.

त्यापेक्षा १९८४चं ‘केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ घ्या. बेकरनंतरचा डॉक्टर पीटर डेव्हिसन याचा निरोप, लेखन रॉबर्ट होम्सचं. विश्वबिश्व काही वाचवायचं नाही. पेरी नावाची पोरगी, ओळख जेमतेम मागच्या कथेतली. दोघांनाही विषबाधा. उतारा म्हणजे राणी-वटवाघळाचं दूध. यानाच्या दाराशी पोचताना त्यातलं काही सांडतं, उरतं ते एकीपुरतं. तो तिला पाजतो. झालं. माझ्या डोळ्यांना तिथे पाणी आलं, ‘लोगोपोलिस’ला नाही.

निळीपेटी
मुक्ताताई, नीसाबद्दल तुमचं बरोबर आहे, मला उत्तर नाही.
पण ‘अँड्रोझानी’ कुणाही डॉक्टरचं मरण होऊ शकलं असतं. शिवाय शेवटी जुने सोबती नजरेसमोर येतात ती युक्ती कुठली? टॉम बेकर दुर्बिणीच्या मनोऱ्यावरच्या तारेला लटकलाय, डॅलेक, डॅव्हरॉस, सायबरमॅन असे वैरी दिसतात, खाली पडल्यावर सारा जेन, ब्रिगेडियर, लीला, रोमाना. हे सोबती एकच शब्द बोलतात, ‘डॉक्टर’. ‘अँड्रोझानी’ने तीन वर्षांनी हेच उचललं.

पारावरचा
जुन्या फिती चिकटवल्या म्हणजे निरोप होत नाही हो. आमच्या ऑफिसात निवृत्तीला स्लाइड-शो लावतात तसं वाटलं मला ते.
एवढं मात्र मान्य, पडल्यावर नीसा, टेगन आणि अ‍ॅड्रिक या तिघा सोबत्यांकडे बघून तो किंचित हसून म्हणतो, ‘हा शेवट आहे, पण या क्षणाची तयारी झालेली आहे’, तिथे मीही गप्प बसलो होतो. चार भागांतलं ते एक वाक्य घ्या, बाकी तुम्हाला.

मुक्ता
जाता जाता. मागच्या महिन्यात लेकीबरोबर परत पाहिलं, ती नऊ वर्षांची आहे. ती पांढरी आकृती येऊन डॉक्टरमध्ये मिसळते आणि नीसा म्हणते, म्हणजे हा आधीपासून डॉक्टरच होता. लेक लगेच म्हणाली, ‘मग त्याने स्वतःला सांगितलं का नाही, वर चढू नकोस म्हणून?’ मला काही सुचेना.

अर्धवट_गणिती
सांगितलं असेल की. थेम्सच्या काठी. आपण लांब होतो.