मदत हवी: बाईच्या अन् माणसाच्या मेंदूचे ते लाल फोटो खरे असतात का?

नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवर विज्ञान शिकवते. मागच्या शिक्षण परिषदेत एका पाहुण्यांनी प्रोजेक्टरवर मेंदूचे दोन फोटो दाखवले, एकात जिकडंतिकडं लाल ठिपके अन् दुसऱ्यात इवलासा एक. म्हणे पहिला बाईचा, म्हणून बाया भावनेनं चालतात. सगळे हसले, मी पण हसली, पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना.

कारण आमच्या घरी उलटंच झालं होतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी आमचा बैल लम्पीनं गेला. हे गोठ्यात बसून लेकरासारखे रडले, दोन दिवस जेवले नाही. माझ्या डोळ्यात टिपूस नाही, मी आपली जेसीबीवाल्याला फोन लावून राहिली, खड्डा कुठं खणायचा, दुसरा बैल दूर कुठं बांधायचा. सासूबाई म्हणाल्याच, काय दगडाची हाये वं तू. मग माझा मेंदू माणसाचा अन् यांचा बाईचा का? ते लाल ठिपके नेमकं काय मोजतात? अन् नागपूरला असा फोटो काढून मिळतो का? सातवीच्या पोरांना सांगायचंय, थापा नको.

कपाशीवाला: ताई, भाऊंना आधी जेवायला लावा. बाकी आपल्याला काही समजत नाही बापा.

स्कॅनवाला: मी एमआरआयवर टेक्निशियन आहे. लाल रंग मेंदूत नसतो ताई, तो कम्प्युटर भरतो. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक पकडतो, सेइजी ओगावांनी 1990 मध्ये दाखवलं ते. पेशी कामाला लागल्या की तिकडं रक्त जास्त जातं, अन् तेही 5-6 सेकंद उशिरा. म्हणजे कॅनॉलचं पाणी कुठं वळलं ते दिसतं, वावरात काय पेरलं ते नाही. अन् किती फरकाला लाल म्हणायचं ते अभ्यास करणारेच ठरवतात. 2009 मध्ये क्रेग बेनेट अन् सोबत्यांनी मेलेली सालमन मासोळी मशीनमध्ये ठेवली, तिला माणसांचे फोटो दाखवून विचारलं, सांग याला काय वाटून राहिलं. तिच्याही मेंदूत लाल ठिपके आले! हजारो ठिकाणं एकदम तपासली की काही नुसत्या योगायोगानं लाल होतात, ते गाळावं लागतं. 2012 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या अन् मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस. आपल्या दवाखान्यातला एमआरआय गाठ, रक्तस्राव पाहायला असतो, भावना पाहायला पैसे घालवू नका.

अमरावतीकर_मानसशास्त्र: फरक सापडतच नाही असंही नका सांगू हं पोरांना. लॅरी केहिल यांच्या 2004 च्या अभ्यासात मनाला लागणारी चित्रं लक्षात राहताना पुरुषांत उजव्या अमिग्डलाचा (मेंदूतला भावनांशी जोडलेला छोटा भाग, दोन्ही बाजूंना एकेक) संबंध जास्त दिसला अन् बायांत डाव्याचा. पण हा बाजूचा फरक झाला, कोण जास्त भावनिक याचा नाही, अन् तो गटाच्या सरासरीचा. डॅफ्ना जोएल यांनी 2015 मध्ये 1400 वर मेंदू पाहिले, बहुतेकांत दोन्हीकडची सरमिसळच निघाली. पुरुषाचा मेंदू सरासरी 11 टक्के मोठा असतो, लीझ एलियट यांच्या 2021 च्या आढाव्यात तेवढा हिशोब धरल्यावर बाकी फरक फार थोडा उरला. अन् मशीनमध्ये निपचित पडून फोटो पाहणं वेगळं, बैल डोळ्यासमोर जाणं वेगळं. तुम्ही रडल्या नाही कारण खड्ड्याचं पाहायला दुसरं कोणी नव्हतं, असंही असू शकते ना.

मूळ धागाकर्ती: हे वाचून आत्ता थोडं रडू आलं, खोटं कशाला सांगू. मासोळीचा किस्सा उद्याच सांगते वर्गात. सालमन म्हणजे आपल्या रोहूसारखी का?

स्कॅनवाला: नाही ताई, ती नदीत जन्मते अन् बहुतेक समुद्रात वाढते. आपल्या धरणात नाही गावत.