सल्ला मागणाऱ्याने परत येऊन निकाल सांगणे बंधनकारक मानावे का?

कौलारू (चर्चाप्रस्ताव)

जाहीर चर्चेत सल्ला मागणाऱ्याने त्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे परत येऊन सांगितले पाहिजे, ती त्याची जबाबदारी आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण ती पाळत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

हे मला तीव्रतेने जाणवले ते गच्चीच्या गळतीविषयी वाचताना. आमच्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाणी झिरपू लागले तेव्हा या विषयावर मराठीत जे जे सापडले ते मी वाचून काढले. एका संकेतस्थळावरच्या जुन्या धाग्यात, म्हणजे एका प्रश्नाखाली चाललेल्या चर्चेत, नेमका आमच्यासारखाच प्रश्न होता. तीसेक वर्षांची इमारत, स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), त्यावर चायना मोझेक (फरशीच्या तुकड्यांचा थर) आणि कठड्याच्या सांध्याला लांबच लांब भेगा. प्रतिसाद देणाऱ्यांत सरळ दोन तट पडले होते. जुना कोबा स्लॅबपर्यंत उखडून, पाण्याला नीट उतार देऊन तो नव्याने घातल्याशिवाय गळती थांबणार नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूच्या मते उखडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी जुना स्लॅब आणखी दुखावतो, म्हणून भेगा आणि सांधे भरून वरून रासायनिक लेप द्यावा आणि काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा, हेच शहाणपणाचे होते. दोन्हीकडे जाणती माणसे होती. कोणी खर्चाचा अंदाज दिला होता, तर काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून खालच्या छतावर ओल येते का हे कसे पाहावे, ते कोणी तपशीलवार लिहिले होते. धागाकर्त्याने मे महिन्यात सर्वांचे आभार मानले, 'काम सुरू करत आहोत, पाऊस झाला की कळवतो' असे लिहिले आणि धागा तेथेच थांबला. त्यानंतर कित्येक पावसाळे होऊन गेले. त्यांनी कोणता मार्ग निवडला आणि तो टिकला की नाही, याचा त्या धाग्यावर मागमूस नाही.

गळतीच्या प्रश्नाचे खरे उत्तर पावसाळाच देतो. मे महिन्यातले सगळे प्रतिसाद, कितीही अनुभवी माणसाचे असले तरी, त्या विशिष्ट गच्चीच्या बाबतीत अंदाजच असतात. जुलैत त्या गृहस्थांनी चार ओळी लिहिल्या असत्या तर त्या चार ओळींचे मोल वरच्या सगळ्या चर्चेपेक्षा अधिक ठरले असते, कारण उत्तर देणाऱ्यांनी आपला वेळ केवळ त्यांच्यासाठी खर्च केला नव्हता. तसे असते तर ही चर्चा दूरध्वनीवरही होऊ शकली असती. ती जाहीरपणे झाली ती पुढे तोच प्रश्न घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाच्या उपयोगी पडावी म्हणून.

हा शिष्टाचार मी आज नव्याने शोधून काढलेला नाही. इंटरनेटवरील वर्तनाविषयी १९९५ साली आरएफसी १८५५ या क्रमांकाचा मार्गदर्शक दस्तऐवज निघाला. प्रश्न विचारणाऱ्याने मिळालेल्या उत्तरांचा सारांश गटावर अवश्य टाकावा, आणि सारांश म्हणजे आलेले निरोप एकाखाली एक चिकटवणे नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले ती त्यानंतर वर्षभरात, १९९६ मध्ये. म्हणजे मराठी संकेतस्थळांचे वय जवळजवळ या संकेताइतकेच आहे. आपण येथे कितीतरी रीती स्वतः घडवल्या. लेखमालेच्या प्रत्येक भागाखाली 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहितो, उपयुक्त धागा दिसला की 'वाचनखूण साठवली' असे आवर्जून कळवतो. ही एक रीत मात्र रुजली नाही.

माझी सूचना अशी आहे की प्रश्न विचारतानाच आपण केव्हा परत येऊन सांगणार हे लिहावे, आणि त्या सुमारास इतरांनी मोकळेपणाने आठवण करून द्यावी.

अबोली

कौलारू, तुमची तळमळ मला समजते, पण 'जबाबदारी' आणि 'बंधनकारक' या शब्दांना माझा विरोध आहे.

काही वर्षांपूर्वी आईच्या डायलिसिसविषयी मी एका ठिकाणी प्रश्न विचारला होता. हातातल्या फिस्तुलाची (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीची) काळजी कशी घ्यावी, पाण्याचे प्रमाण कसे सांभाळावे, आठवड्यातील फेऱ्यांमध्ये थकवा कमी कसा करावा, असे ते प्रश्न होते आणि लोकांनी मनापासून उत्तरे दिली. पुढे आई गेली. त्यानंतर बराच काळ त्या धाग्यावर अधूनमधून कोणी तरी 'आता तब्येत कशी आहे, कळवाल का?' असे विचारत राहिले. विचारणाऱ्यांच्या हेतूत काडीचीही खोट नव्हती. तरीही प्रत्येक वेळी ती सूचना दिसली की मला ते पान उघडवत नसे, आणि आपण कोणाचे तरी देणे थकवले आहे असे वाटत राही. आपण ज्या आठवणीचा आग्रह धरता ती आठवण घेणाऱ्याला तगादा वाटू शकते, आणि तो माणूस कोणत्या परिस्थितीत आहे हे आठवण करून देणाऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

उत्तर देणाऱ्याने उत्तर देताना परतफेडीची अट घातलेली नसते. ती अट नंतर समाजाने घालावी, हे मला मान्य नाही. ज्याला परत यावेसे वाटेल त्याने यावे आणि आपण त्याचे मनापासून स्वागत करावे. जो येणार नाही त्याच्याविषयी मनात अढी धरू नये.

माझा दुसरा आक्षेप निकालाच्या मोलाविषयी आहे. समजा, त्या गृहस्थांनी जुलैत 'लेप दिला, एक थेंबही गळला नाही' असे लिहिले असते. तो लेप दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात उन्हाने तडकला असता तर? पहिल्या वर्षीचा तो विजयी प्रतिसाद वाचून दहा जणांनी लेपाचा निर्णय घेतला असता. मेमधल्या चर्चेत निदान दोन्ही बाजू समोर होत्या. अर्धवट निकाल त्या चर्चेला खोटी पूर्णता देतो आणि पुढचा वाचक त्या शेवटच्या प्रतिसादावर विसंबून वरचे सगळे वाचायचे टाळतो.

निफाडचा बागायतदार

मी द्राक्षाच्या बागेतला माणूस आहे, म्हणून आमच्याकडचा अनुभव सांगतो. आमच्या भागातील बागायतदारांच्या व्हॉट्सॅप गटांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर रोज प्रश्न पडतात आणि विचारणारा बहुधा परत येऊन सांगतोच. याचे कारण आम्ही अधिक सभ्य आहोत हे नव्हे. प्रश्न कसा विचारायचा याची जी पद्धत पडली आहे तिच्यात याचे कारण आहे. डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा एक बुरशीजन्य रोग. नुसते 'बागेत डाऊनी आली, काय मारू?' असे कोणी विचारले तर त्याला कोणी उत्तर देत नाही. वाण कोणता, छाटणीनंतरचा कितवा दिवस, पाऊस किती झाला, आधीची फवारणी कशाची आणि केव्हा, हे सांगावे लागते. सोबत पानाची दोन छायाचित्रे लागतात. वरच्या बाजूचा तेलकट पिवळा डाग एकात आणि त्याच जागी खालच्या बाजूला आलेली पांढरी बुरशी दुसऱ्यात. इतके लिहिणाऱ्या माणसाने त्या प्रश्नात स्वतःला गुंतवलेले असते. चार दिवसांनी तो डाग वाळला की पसरला हे तो पुन्हा छायाचित्र काढून दाखवतो, आणि शेजारच्या गावात त्याच दिवशी छाटणी केलेले पंधरा जण त्या छायाचित्राची वाट पाहत असतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला असेल तर चार दिवसही फार होतात, कारण घडांवर डाऊनी गेली की हंगाम हातचा जातो.

अबोलीताईंच्या दुसऱ्या आक्षेपाला माझे उत्तर यातच आहे. तपशील नसलेला निकाल दिशाभूल करतो, हे खरे आहे. परंतु तारीख, हवामान आणि केलेले काम यांसह लिहिलेला निकाल अर्धवट असला तरी खोटा ठरत नाही, कारण वाचणाऱ्याला तो कोठवर लागू पडतो हे कळते. 'पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोरडे' असे लिहिले तर त्यातून कोणीही कायमचा उपाय असा अर्थ काढणार नाही.

आमचे दुखणे वेगळेच आहे. यश आले की सगळे लिहितात, पण फवारणी वाया गेली की माणूस गप्प होतो. शेजारपाजारच्या, ओळखीच्या लोकांसमोर नुकसान सांगणे जड जाते. त्यामुळे कोणत्या गोष्टीने काम झाले नाही हे आमच्या गटांत फार कमी नोंदले जाते, आणि खरे तर तेच सर्वांत उपयोगाचे असते. शिवाय व्हॉट्सॅपवर लिहिलेले पुढच्या हंगामापर्यंत वाहून जाते. गेल्या वर्षी ज्या प्रश्नावर तीन दिवस उत्तम चर्चा झाली, तोच प्रश्न यंदा नव्याने विचारला जातो आणि चर्चा पहिल्यापासून सुरू होते.

कळफलक

येथे एक तांत्रिक बाब नोंदवतो. मराठीतली बरीच जुनी संकेतस्थळे द्रुपल या प्रणालीवर उभी आहेत. आपण न वाचलेल्या प्रतिसादापुढे 'नवीन' अशी खूण दाखवण्याची सोय तिच्यात आहे, पण मुळात ती सोय तीस दिवसांपुरतीच आहे. त्याहून जुने लेखन आपण वाचले असो वा नसो, प्रणाली ते वाचलेलेच धरते. पावसाळ्याची किंवा पुढच्या हंगामाची वाट पाहणाऱ्या प्रश्नाला ही मुदत पुरत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगविषयी प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांनी विचारणाऱ्याच्या हाती एक हिरवी खूण दिली. ज्या उत्तराने काम झाले त्यावर ती लावायची. परतून सांगण्याचे कष्ट एका टिचकीवर आणणारी ही चांगली युक्ती होती. पण काळाबरोबर ते उत्तर जुने झाले तरी विचारणाऱ्याने स्वतः हलवेपर्यंत खूण तेथेच राहते. शेवटी २०२१ मध्ये त्यांनी खूण असलेले उत्तर सर्वांत वर ठेवण्याची पद्धत बंद केली. अबोलीताईंनी मांडलेली अडचण खरी आहे, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

कौलारूंना एवढेच सुचवावेसे वाटते की परत येणाऱ्याला आपण कसे वागवतो तेही पाहावे. वर्षभराने कोणी आपल्या जुन्या धाग्यावर चार ओळी लिहिल्या की 'जुना धागा कशाला वर काढला?' असे विचारणारे लगेच भेटतात.

कौलारू

अबोलीताई, आजारपणाच्या प्रश्नांना माझी सूचना लागू करू नये, हे मी मान्य करतो. जेथे प्रश्न एखाद्या जिवाचा आहे तेथे शांतता हेच उत्तर मानून आपण थांबावे. परंतु गच्ची, बियाणे, विहिरीचा पंप, सौर तापक अशा वस्तूंच्या आणि कामांच्या प्रश्नांत ही सवलत मागण्याचे कारण मला दिसत नाही. जाहीर आठवण जाचक वाटत असेल तर ती व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) करता येईल.

निफाडच्या मित्रांनी अपयश न सांगण्याविषयी जे लिहिले ते मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझा आग्रह आता तेवढ्यापुरता केला तरी चालेल. काम फसले असेल तर निदान तेवढे तरी येऊन सांगावे.

अबोली

वस्तू आणि माणसे अशी सरळ वाटणी करता येते, असे मला वाटत नाही. गच्चीची गळती ही इमारतीतल्या सर्व सभासदांची गोष्ट असते. खर्च कोणी उचलायचा यावरून वरच्या मजल्यावरचे आणि तळमजल्यावरचे लोक वर्षानुवर्षे भांडतात, कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट टाकतो, आणि प्रकरण सहकार न्यायालयापर्यंत जाते. असा माणूस जाहीरपणे काय लिहील? ज्यांच्या शेजारी रोज राहायचे आहे त्यांच्याविषयी त्याने चार ओळी लिहिल्या तर त्या ओळी त्यांच्याच समोर कोणी तरी ठेवील. व्यनिने हा पेच सुटत नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र याहून वेगळा आहे. आपण सगळा भार विचारणाऱ्यावर टाकत आहोत. विचारणारा अडचणीत असतो आणि त्याचे हात कामात गुंतलेले असतात. उलट ज्यांनी ठामपणे 'कोबा उखडाच' किंवा 'लेपच द्या' असे सांगितले, त्यांच्या स्वतःच्या गच्च्या होत्या, त्यावरूनच ते बोलत होते, आणि त्या गच्च्यांवरही पुढचे पावसाळे झालेच असतील. परत येऊन सांगण्याचा आग्रह धरायचाच असेल तर तो सल्ला देणाऱ्याकडे धरावा. त्याचा अनुभव त्याच्या हाताशी असतो आणि त्यावर विसंबून कोणी तरी पैसे खर्च करत असते.

निफाडचा बागायतदार

ताईंशी या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे, कारण आमच्या गटांत सल्ला देणाऱ्यांमध्ये औषध विक्रेतेही असतात. बाटलीचे नाव सांगून ते पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि त्या बागेचे काय झाले हे पाहायला परत येत नाहीत. आम्ही काही जणांनी आता एक पद्धत पाडली आहे. कोणी फवारणी सुचवली की त्याने ती स्वतःच्या किंवा ओळखीच्या कोणत्या बागेत, छाटणीनंतरच्या कितव्या दिवशी घेतली आणि त्यानंतर पाऊस झाला का, हे आधी विचारायचे. सुरुवातीला काहींना राग आला, दोघे-तिघे गट सोडूनही गेले. जे राहिले ते आता न विचारताच तारीख सांगतात.