टीन कॉमेडी: मेकओव्हरनंतर पटकथा ढेपाळते, काय करू?

कागदी_पतंग:
96 पानांची पटकथा आहे. 12व्या पानावर नायिकेला कळतं की शाळेत तिला 'स्टेपनी' म्हणतात, म्हणजे कोणी गळालं की हिला बोलवायचं. 48वर मेकओव्हर, 85वर डान्स पार्टी. 50 ते 75 रटाळ होतंय आणि तिचा आत्मविश्वास कपड्यांतून आल्यासारखा वाटतो, असं वाचणारे सांगतात. मेकओव्हर उडवू का?

कातरकाम:
उडवू नका, 32-35वर आणा. आत्ता 48लाच तिला हवं ते मिळून जातं, मग पुढचं कुणी कशाला बघेल? मेकओव्हरने जुनं लेबल पुसू नये, वर नवं चिकटवावं. कालची स्टेपनी आज 'भाव खाणारी'. ते नवं लेबल सांभाळताना तिची जी तारांबळ उडेल, तोच तुमच्या पटकथेचा मधला भाग. 'मीन गर्ल्स'मध्ये (2004) नायिका केडी नाटक म्हणून शाळेतल्या भाव खाणाऱ्या मुलींच्या टोळीत शिरते आणि नाटक अंगवळणी पडतं. गंमत तिथून सुरू होते. उलट 'द ब्रेकफास्ट क्लब'मध्ये (1985) अबोल, विक्षिप्त अ‍ॅलिसनला सजवतात ते पार शेवटी. परिणाम दाखवायला जागाच उरत नाही, म्हणून तो प्रसंग अजून अनेकांना खुपतो.

मधली_सुट्टी:
आत्मविश्वास पडद्यावर दिसत नाही, कृती दिसते. एकच छोटी कृती तीनदा लिहा. उदा. ग्रुप फोटो. 8व्या पानावर फोन आपसूक तिच्या हातात येतो, ती फोटो काढते, ती त्यात नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 40व्या पानावर ती मधोमध उभी, पण श्वास रोखून, आणि नंतर तीन फोटो डिलीट करायला लावते. 80व्या पानावर पुन्हा फोन पुढे येतो. ती टायमर लावते, फोन दप्तराला टेकवते, येऊन कडेला उभी राहते. संवाद शून्य. 'मी आहे तशी छान' छापाचं भाषण असेल तर आधी ते कापा.

हशा_टाळ्या:
वरच्यांना +1. शिवाय पहिली 20 पानं प्रिंट करून दोन रंगांनी खुणा करा: तिच्यावर झालेले विनोद आणि तिने केलेले. सगळे पहिल्याच रंगाचे निघाले तर प्रेक्षक हसायचं सोडून कीव करू लागतो. आणि तिनेही कुणाला तरी लेबल लावलेलं असू द्या, तेही बिनधास्त. नाहीतर ती बिचारी, बाकी सगळे दुष्ट. अशी पात्रं लिहायला सोपी, बघायला कंटाळवाणी.

कागदी_पतंग:
पटलं. मग 85वरच्या पार्टीत 'पार्टीची राणी' म्हणून मुकुट तिला द्यायचा का?

कातरकाम:
नको. मुकुट म्हणजे पुन्हा शाळेनेच दिलेलं लेबल. तोडून सगळ्यांत वाटणं 'मीन गर्ल्स'ने करून झालंय. तिने स्वतः ज्याला लेबल लावलं होतं, त्याच्याशी तिचा हिशेब तिथे मिटवा. दोन पानांत.