लिनिएजओएसचं साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबतं

प्रश्न: फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित वेगळी सिस्टीम टाकायचीय. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केलाय, लिनिएजची रिकव्हरीही (सिस्टीम बसवायचा वेगळा मेनू) बसली. एडीबी साइडलोड (संगणकावरून केबलने फोनवर फाइल बसवणं) मात्र संगणकावर ४७ टक्क्यांवर थांबतं. फाइल खराब आहे का? आणि गूगल ॲप्स नंतर टाकली तर चालतील?

उत्तर १: ४७ वर थांबणं हा बिघाड नाही. संगणकावर 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असं आलं तरी घाबरू नका. खरा निकाल फोनच्या स्क्रीनवर दिसतो, तोवर केबल काढू नका.

उत्तर २: गूगल ॲप्स फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच टाकायची. आधी सिस्टीम, मग रिकव्हरी पुन्हा सुरू करून ॲप्स. नंतर टाकलीत तर ती सतत क्रॅश होतात आणि सगळा डेटा पुन्हा पुसावा लागतो. डिजिटल सही (फाइल कुणाची ते सांगणारी खूण) पडताळता आली नाही असा इशारा येईल, तिथे 'यस' करा. त्या पॅकेजवर लिनिएजची सही नसतेच.

उत्तर १: साइडलोडआधी रिकव्हरीतून 'फॉरमॅट डेटा' (फोनवरचा डेटा पुसणं) केलंत ना? जुन्या सिस्टीमने एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेला डेटा नवीला उघडत नाही, मग फोन लोगोवरच फिरत राहतो.

उत्तर ३: आणि कृपा करून बूटलोडर परत लॉक करू नका. गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही अशीच दुसरी सिस्टीम सही तपासायची स्वतःची किल्ली नोंदवून लॉक होऊ देते; लिनिएज टाकलेले बहुतेक फोन मात्र लॉक केल्यावर सुरूच होत नाहीत.