आंबलेली की आंबवलेली? क्राफ्ट बिअरच्या मतभेदांतील काही मराठी शब्द

विषयप्रवर्तन

क्राफ्ट बिअरच्या रसिकांमध्ये काही मते अशी आहेत की ती मांडणारा माणूस आधीच जरा सावरून बसतो. आयपीए या बिअर-प्रकारात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा व गंध देणाऱ्या फुलांचा, अतिरेक झाला आहे, लागर ही थंड तापमानाला आंबवलेली साधी बिअर हीच बनवायला सर्वांत अवघड बिअर आहे, आंबट बिअर हा प्रकार नसून दोष आहे, गोड स्टाउटला (भाजक्या माल्टच्या काळ्या बिअरला) बिअर म्हणू नये, ही त्यांतली नेहमीची मते. हे वाद खेळीमेळीचेच असतात. परंतु ते मराठीतून होतात तेव्हा चवीवर सुरू झालेली चर्चा पुष्कळदा एखाद्या शब्दापाशी येऊन अडते, कारण आपण वापरतो तो शब्द चवीचे वर्णनही करतो आणि त्याच दमात निकालही देऊन टाकतो. ही दोन कामे एकाच शब्दाकडून करून घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत ठळक उदाहरण 'आंबणे' या क्रियापदाचे आहे. 'आंबणे' अकर्मक आहे आणि 'आंबवणे' हे त्याचे प्रयोजक रूप आहे. पहिल्यात क्रिया आपोआप, बहुधा कोणाला नको असताना घडते, तर दुसऱ्यात ती कोणीतरी हेतूने घडवून आणतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य; त्यातील साखरेचे यीस्ट या सूक्ष्मजीवाकडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते, त्यामुळे जगातील प्रत्येक बिअर आंबवलेली असते, मग ती चवीला आंबट असो वा नसो. 'आंबलेली' म्हटले की मात्र ती बिघडली, असाच अर्थ निघतो. म्हणून आंबट बिअर न आवडणारा माणूस तिला 'आंबलेली' म्हणतो तेव्हा त्याने आपली बाजू न मांडताच वाद संपवलेला असतो.

ब्रुसेल्सच्या परिसरातील लॅम्बिक ही आंबट बिअर या शब्दभेदाची खरी कसोटी आहे. तेथे उकळलेला माल्टचा अर्क रात्रभर रुंद, उथळ भांड्यात उघडा ठेवतात आणि हवेतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवच पुढचे काम करतात. यीस्ट बाहेरून कोणी घालत नाही. मग ती आपोआप आंबली असे म्हणावे काय? माझ्या मते नाही. हे काम थंडीच्या महिन्यांतच करायचे, कोणते पिंप किती वर्षे ठेवायचे आणि गझ ही मिश्र लॅम्बिक तयार करताना कोवळी व जुनी लॅम्बिक कोणत्या प्रमाणात मिसळायची, हे सारे बनवणारा ठरवतो. हेतू आहे, निवड आहे, तेव्हा ती आंबवलेलीच.

माझी सूचना अशी की चवीसाठी 'आंबट', क्रियेसाठी 'आंबवलेली', नको असलेल्या जिवाणूंमुळे बिघडलेल्या बिअरसाठी 'आंबलेली' आणि जुनी होऊन, हवेचा परिणाम होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखी लागणाऱ्या बिअरसाठी 'विटलेली' हे शब्द वेगळे ठेवावेत.

पहिला प्रतिसाद

आपली विभागणी मला मान्य आहे, मात्र तिने मतभेद मिटेल असे वाटत नाही, आणि मिटू नये असेच मला वाटते. मी आंबट बिअरच्या विरोधात आहे तो शब्दाच्या गोंधळामुळे नव्हे. आम्लता फार वाढली की तिच्याखाली माल्ट झाकला जातो, हॉप्स झाकले जातात आणि बनवणाऱ्याची चूकही झाकली जाते. त्यातही एक भेद करायला हवा. हल्ली पुष्कळ आंबट बिअर उकळण्याच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस हे आम्ल तयार करणारे जिवाणू सोडून एकदोन दिवसांत आंबट केली जाते आणि मग उकळून पुढे नेली जाते. ती पद्धत वाईट नाही, परंतु तिची आम्लता एकसुरी असते. वर्षानुवर्षे पिंपात राहिलेल्या लॅम्बिकच्या शेजारी तिला बसवून दोघींना 'आंबट' एवढेच म्हणणे हा लॅम्बिकवर अन्याय आहे.

आणि यासाठी मराठीला शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. 'आंबूस', 'आंबटसर', 'आंबट', 'आंबटढाण' अशी चढती भाजणी आपल्याकडे तयार आहे. माझा आक्षेप आंबटढाण बिअरवर आहे; आंबूस बिअर मी आवडीने पितो.

विषयप्रवर्तकाचे उत्तर

ही भाजणी अतिशय उपयोगाची आहे. 'चूक' या शब्दाबद्दल मात्र थोडे थांबावेसे वाटते. 1904 साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या निल्स क्लाउसेन यांनी ब्रेटॅनोमायसीस या यीस्टचे वर्णन केले, ते इंग्लंडमधील मुरवलेल्या बिअरला तिची खास चव देणारे यीस्ट म्हणून. आज तेच यीस्ट पिल्सनर या फिकट लागरमध्ये शिरले तर अख्खा घाणा फेकून द्यावा लागतो आणि लॅम्बिकमध्ये नसेल तर ती बेचव ठरते. तेव्हा दोष हा पदार्थात नसतो, तो ठरवलेल्या प्रकाराशी न जुळण्यात असतो.

दुसरा प्रतिसाद

आंबटाइतकाच घोळ 'कडू' या शब्दाचा होतो. आयपीएविरुद्धची तक्रार साधारणपणे 'फार कडू' अशी असते. हॉप्स उकळताना त्यांतील अल्फा आम्लांचे रूप पालटते आणि त्यातून कडवटपणा येतो. त्याच्या मोजणीचे एकक ढोबळमानाने एका लिटरमधील एक मिलिग्रॅम अशा आम्लाइतके आहे. धूसर आयपीएमध्ये बहुतेक हॉप्स उकळणे संपल्यावर किंवा आंबवण सुरू झाल्यावर घालतात, त्यामुळे गंध भरपूर येतो पण कडवटपणा तेवढा येत नाही. चेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये हा आकडा साधारण 30 ते 45 असतो आणि कित्येक धूसर आयपीए त्याच्या पुढे जात नाहीत. मग तक्रार करणाऱ्याला नेमके काय खुपते?

एक घोट तोंडात जरा धरून ठेवावा. कडवटपणा जिभेच्या मागल्या बाजूला उशिरा जाणवतो आणि घोट गिळल्यावरही रेंगाळतो. तुरटपणा ही मुळात चव नसून स्पर्श आहे: हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ खरखरीत होते. आणि हॉप्सचे कण खाली बसण्याआधीच भरलेल्या आयपीएत तिसरेच काही असते, जे घशाला बोचते. पहिले हॉप्स उकळल्यामुळे येते, दुसरे पॉलिफिनॉल या तुरट द्रव्यांमुळे आणि तिसरे बहुधा घाईमुळे. बिअर काही आठवडे थंड राहू दिली तर ते निवळते. 'कडू', 'तुरट' आणि 'बोचरी' हे तीन शब्द वेगळे वापरले तर आयपीएच्या विरोधकाचे म्हणणे अधिक धारदार होईल, आणि माझ्यासारख्या समर्थकाला त्याचे निम्मे म्हणणे विनातक्रार मान्य करता येईल.

तिसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात 'धूसर' हा शब्द आला आहे, त्यावर लिहितो. रोजच्या बोलण्यात या बिअरला सरळ 'गढूळ' म्हणतात. गढूळ पाणी आपण पीत नाही; उलट 'नितळ' हा शब्द तर निव्वळ कौतुकाचा आहे, त्यामुळे पेला उचलण्याआधीच मराठीने गाळलेल्या बिअरच्या बाजूने कौल दिलेला असतो. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये यीस्ट आणि प्रथिने तरंगत राहतात, धूसर आयपीएमध्ये ओट्स व गव्हातील प्रथिने हॉप्समधील पॉलिफिनॉलशी बांधली जातात. दोन्ही ठिकाणी हा धूसरपणा अपेक्षितच असतो. 2018 साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशन या बिअर-उत्पादकांच्या संघटनेने धूसर आयपीएला आपल्या प्रकारांच्या यादीत स्वतंत्र स्थानही दिले.

'धुरकट' हा पर्याय कोणी सुचवील, तर तो चालणार नाही, कारण जर्मनीतील बाम्बेर्गच्या राउखबिअरला खरोखर धुराचा वास असतो आणि तेथे तो शब्द लागेल. 'धूसर' हाच शब्द ठेवावा. 'गढूळ' हा शब्द बाटली हलवल्यामुळे तळाचा गाळ वर आलेल्या बिअरसाठी राखावा.

विषयप्रवर्तकाचे उत्तर

मला सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द 'पाणचट' आहे, कारण लागरवर तो सरसकट लादला जातो. पाणचट म्हणजे ज्यात सत्त्व हवे होते पण पाणी झाले ते. कमी माल्ट घालून स्वस्तात काढलेल्या लागरला तो शोभतो. परंतु बव्हेरियातून आलेल्या योझेफ ग्रोल यांनी 1842 साली प्लझेन येथे काढलेल्या फिकट सोनेरी लागरपासून चालत आलेल्या परंपरेला तो लावणे चुकीचे आहे. तिचे यीस्ट साधारण 7 ते 13 अंश सेल्सिअसला संथपणे काम करते, नंतर बिअर कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जवळ मुरते, आणि एवढे होऊनही डायअसिटिल या द्रव्याचा लोण्यासारखा वास किंवा फिकट माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्याचा वास थोडासा जरी उरला तरी तो लगेच कळतो. त्याला झाकायला ना भाजका माल्ट असतो, ना हॉप्सचा दरवळ. 'लागर बनवणे सर्वांत अवघड' हे मत अनेकांना पटत नाही. मला ते पूर्ण पटते. तिच्यासाठी 'हलकी' किंवा 'नेटकी' म्हणावे. 'नेटकी' विशेष, कारण त्यात कौशल्याची दखल आहे.

चौथा प्रतिसाद

'नेटकी' हा स्तुतीचा शब्द आहे. निकाल देणारे शब्द टाळायचे हा आपलाच आग्रह असेल तर आवडत्या बिअरलाही तो लागू व्हावा. 'हलकी' पुरेसे आहे.

याच न्यायाने इंग्लंडमधील पिंपातल्या एल या प्रकारच्या बिअरला 'कोमट' म्हणणे बंद व्हावे. ती 11 ते 13 अंशांना देतात. हाताला ती गारच लागते. 'थंडगार' आणि 'गार' यांत मराठी स्पष्ट फरक करते, तो वापरावा. फार थंड बिअरमध्ये गंध दबतो हे खरे असले तरी हलकी लागर मला थंडगारच हवी असते.

पाचवा प्रतिसाद

आणि 'क्राफ्ट' या शब्दाचे काय? 'कारागिरीची बिअर' म्हटले की पुन्हा तो स्तुतीचा शब्द होतो. ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत वर्षाला 60 लाख पिंपांपर्यंतचे उत्पादन आणि बड्या मद्यकंपनीकडे 25 टक्क्यांपेक्षा कमी मालकी या अटी आहेत. चवीची अट नाही. 2011 साली आन्हॉयझर-बुश या बड्या मद्यकंपनीने गूस आयलंड ही क्राफ्ट ब्रुअरी विकत घेतली तेव्हा ती या व्याख्येबाहेर गेली, पण त्याच पाककृतीची बिअर पिणाऱ्याला पेल्यात लगेच फरक जाणवेल असे नाही. मालकी पाहून बिअर निवडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांच्यासाठी 'स्वतंत्र' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. 'क्राफ्ट' तसाच राहू द्यावा. त्याचे मराठी करण्याची निकड नाही.

सहावा प्रतिसाद

गोड स्टाउटची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो. तिला 'गोडमिट्ट' म्हणून बाजूला सारले जाते. तिच्यात बहुधा लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर घालतात. बिअरचे यीस्ट ती पचवू शकत नाही, म्हणून गोडी आणि दाटपणा शेवटपर्यंत राहतो. हे योगायोगाने होत नाही, आणि लॅक्टोज घातलेल्या मिल्क स्टाउटचा प्रकार या नव्या लाटेच्या कितीतरी आधीचा आहे. 'गोडसर' आणि 'दाट' एवढे वर्णन आधी करावे. त्यानंतर ज्याला ती गोडमिट्ट वाटेल त्याने तसे अवश्य म्हणावे, फक्त 'मला' हा शब्द आधी लावून.